सशांची शिरगणती आणि जोडधंद्याचा हिशेब

गेल्या चार-पाच बैठकांत एक प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा आला. कपाशीच्या वेचणीचा खर्च निघत नाही, ज्वारी घरी खाण्यापुरती उरली, तेव्हा ससेपालन करावे काय? विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक रंगीत पत्रक असते. पत्रकावर पांढरेशुभ्र ससे, शेजारी हसरा शेतकरी आणि मोठ्या अक्षरांत मजकूर: सात माद्या, तीन नर, एक युनिट, जागेवर खरेदीची लेखी हमी. खाली वर्षाचा नफा छापलेला असतो. तो पाच एकर कोरडवाहू कपाशीच्या नफ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. अर्थात कोरडवाहू कपाशीच्या नफ्यापेक्षा मोठा असायला फार मोठे असावे लागत नाही, हा भाग वेगळा.

आम्ही कृषीची पदवी घेतली, काही वर्षे पिकांच्या प्रयोगात घालवली आणि मग संघटनेच्या कामात आलो. त्यामुळे असा प्रश्न आला की सगळे आमच्या तोंडाकडे पाहतात. "करा" किंवा "करू नका" असे एका शब्दात सांगून टाकणे सोपे आहे. पण तसे एका शब्दात सांगणाऱ्यांनीच शेतकऱ्याला आजवर बुडवले आहे. म्हणून या अंकाचे संपादकीय सशांवर. हसण्यासारखा विषय नाही. जगात जिथे शेकडो वर्षे ससा पाळला गेला, तिथे त्याची संख्या का वाढली आणि का घटली हे नीट पाहिले, तर आपल्या तालुक्यात येणाऱ्या पत्रकाचे उत्तर आपोआप मिळते.

आकडा कोठून येतो?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे, म्हणजे एफएओचे, जनावरांच्या संख्येचे तक्ते दरवर्षी निघतात. त्यात गाय, म्हैस, शेळी यांच्याप्रमाणे "ससे व रानससे" असा एक रकाना असतो. गायी-म्हशी एकेक मोजून लिहितात. कोंबड्या आणि ससे हजारांत लिहितात. मोजणाऱ्याच्या लेखी कोणाची किंमत किती, हे इथेच कळते.

या रकान्याचे नावही फसवे आहे. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण पाळीव ससा वेगळा आणि आपल्या तुरी-हरभऱ्याचे शेंडे खुडून पळणारा रानातला ससा वेगळा. पाळीव ससा मूळचा स्पेनकडच्या मुलखातला. बीळ करून राहतो, कळपाने राहतो, त्याची पिले डोळे मिटलेली व उघडी जन्मतात. रानससा बीळ करत नाही, उघड्यावर पडून राहतो आणि त्याचे पिलू केसांसकट, डोळे उघडे ठेवूनच जन्माला येते. तो पिंजऱ्यात धंद्याइतका वाढत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदीही आहे. तेव्हा "रानातून पकडून पाळू" असा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडावा. तक्त्यातला आकडा जवळजवळ सगळा पाळीव सशांचाच असतो.

हा आकडा येतो कसा? ज्या देशाचे सरकार मोजून पाठवते त्या देशाचा आकडा तसाच छापला जातो. जे पाठवत नाहीत त्यांचा अंदाज बांधला जातो. सशाच्या बाबतीत अंदाजच फार. घरामागच्या खुराड्यात चार ससे पाळणाऱ्या म्हातारीकडे कोण मोजायला जाणार? एफएओच्या २०१६ च्या आकड्यांत सशाच्या मांसाचे जगातले उत्पादन सुमारे १४ लाख टन दाखवले आहे. त्यापैकी साडेआठ लाख टनांच्या आसपास एकट्या चीनचे. आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण? उत्तर कोरिया! ज्या देशात बाहेरच्या माणसाला मोकळेपणी फिरता येत नाही, तिथले ससे मोजले कोणी, हा प्रश्न विचारायचा नसतो. त्याच देशाने २००७ च्या सुमारास जर्मनीतल्या एका पाळणाऱ्याकडून दहा-दहा किलोचे राक्षसी ससे भुकेवर उपाय म्हणून मागवले होते. डझनभर ससे गेलेही. पुढे ती योजना बंद पडली आणि ते ससे पैदाशीआधीच कुणाच्या तरी ताटात गेले असावेत, अशी शंका विकणाऱ्यानेच बोलून दाखवली. दहा किलोचा ससा व्हायला किती चारा लागतो, हे विचारायचे राहून गेले होते.

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जनावरांचा आकडा वाढला याचा अर्थ पाळणाऱ्याच्या घरी पैसा आला असा होत नाही. आकडा कोणी मोजला, कशासाठी मोजला आणि त्या जनावराला खाणारा कोण, हे कळल्याशिवाय आकडा वाचूच नये.

खुराड्यातून पिंजऱ्यात

आता युरोपाकडे पाहू. फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत ससा हे गरीब शेतकऱ्याच्या घरचे मांस. आपल्याकडे जशी परसातली कोंबडी, तसा तिकडे घरामागच्या लाकडी खुराड्यातला ससा. बांधावरचे गवत, भाजीचा पाला, स्वयंपाकघरातले उरलेसुरले हे त्याचे खाणे. काम घरच्या बाईचे आणि बाजाराच्या दिवशी चार ससे विकून येणारा पैसाही तिच्याच हातचा. दुसऱ्या महायुद्धात मांसाचे रेशन झाले तेव्हा इंग्लंडमध्येसुद्धा घरोघर ससे पाळले गेले आणि पाळणाऱ्यांच्या मंडळांना सरकारने कोंडा दिला. खर्च नाही, तेव्हा तोटाही नाही. याला म्हणतात जोडधंदा.

१९६० नंतर हे बदलले. अमेरिकेतून पांढऱ्या जातीचे, भरभर वाढणारे ससे आले. तारेचे पिंजरे आले. गवताऐवजी कारखान्यात तयार झालेली गोळी पेंड आली. शास्त्रज्ञांनी निवड करून जास्त पिले देणाऱ्या माद्यांच्या ओळी तयार केल्या. सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते. व्यायल्यानंतर अकराव्या दिवशी तिला पुन्हा कृत्रिम रेतन करायचे, म्हणजे ४२ दिवसांचे एक चक्र बसते. एका वेळी आठ-दहा पिले, पाच आठवड्यांनी तोडायची आणि दहा ते बारा आठवड्यांनी दोन-अडीच किलोची झाली की कत्तलखान्यात. शेकडो माद्या एकाच दिवशी वितात, एकाच दिवशी माल जातो. शास्त्र म्हणून पाहिले तर थक्क व्हावे असे काम आहे.

पण या शास्त्राबरोबर आणखी एक बदल झाला. गवत फुकट होते; गोळी पेंड विकत घ्यावी लागते. आज युरोपातल्या ससेपालनात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, निम्म्याहून पुष्कळ जास्त, पेंडीचाच असतो. पेंड कारखान्याची, रेतन केंद्राचे, लस कंपनीची, कत्तलखाना दुसऱ्याचा आणि भाव तिसऱ्याचा. स्पेनमध्ये कातालोनियातल्या बेलपुइग या गावच्या बाजारात सशाचा आठवड्याचा भाव जाहीर होतो आणि देशभरचे सौदे त्याकडे पाहून होतात. पाळणाऱ्याचे स्वतःचे म्हणावे असे राहिले काय? शेड, कर्ज आणि पहाटेची झाडलोट. आपल्या कापूस उत्पादकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. बियाणे एकाचे, औषध दुसऱ्याचे, भाव तिसऱ्याचा आणि जोखीम तेवढी आपली.

युरोपियन कमिशनने २०१७ साली या धंद्याचा एक आढावा काढला. २०१६ साली युरोपियन संघात सुमारे १८ कोटी ससे कत्तलीसाठी वाढवले गेले. त्यापैकी सुमारे १२ कोटी व्यापारी फार्मवर आणि उरलेले एक तृतीयांश अजूनही घरगुती खुराड्यांत. व्यापारी उत्पादनापैकी पाचात चार हिस्से स्पेन, फ्रान्स आणि इटली या तीन देशांतले. आकडा मोठा वाटतो, परंतु तो उतरणीवरचा आकडा आहे. या तिन्ही देशांत सशांची संख्या आणि पाळणाऱ्यांची संख्या दोन्ही घसरत आली आहेत. फ्रान्समध्ये या शतकाच्या सुरुवातीला जेवढे मांस निघत होते, ते आज निम्म्याहूनही खाली आले आहे.

घसरण का झाली?

याची चार कारणे आहेत आणि चारही आपल्या कामाची आहेत.

पहिले कारण खाणाऱ्याचे. ससा खाणारी पिढी म्हातारी झाली. नव्या पिढीला ससा शिजवायला वेळ नाही आणि तिच्या घरात ससा लाडका प्राणी म्हणून आला. मुलाने ज्याला नाव ठेवले, ते जनावर आई शिजवत नाही. चारशे वर्षांची सवय तीस-चाळीस वर्षांत मोडली. खाणारा गेला की पैदाशीचे सारे शास्त्र निरुपयोगी होते.

दुसरे कारण रोगाचे. १९५२ साली फ्रान्समध्ये पॉल-फेलिक्स अर्माँ-देलील नावाच्या एका डॉक्टराने आपल्या जमिनीवरचे जंगली ससे मारण्यासाठी मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडला. कुंपणाच्या आत राहील असे त्याला वाटले होते. डास आणि पिसवा कुंपण मानत नाहीत. दोनेक वर्षांत फ्रान्समधले दहापैकी नऊ जंगली ससे मेले आणि रोग युरोपभर पसरून घरच्या खुराड्यांतही शिरला. मग १९८४ साली चीनच्या जिआंगसू प्रांतात रक्तस्रावाचा नवाच रोग उद्भवला. वर्षाच्या आत तिथले १४ कोटी पाळीव ससे मेल्याचा अंदाज आहे. १९८६ पर्यंत तो इटलीत पोचला. लस निघाली, तेवढ्यात २०१० साली फ्रान्समध्ये त्याच विषाणूचा दुसरा अवतार आला आणि जुनी लस त्याला पुरेना. रात्री धडधाकट दिसणारे ससे सकाळी मेलेले, अशी या रोगाची तऱ्हा. गावोगाव पशुवैद्य, लस आणि विमा असलेल्या मुलखात ही गत झाली.

तिसरे कारण पेंडीच्या भावाचे. २००७-०८ मध्ये जगात धान्य महागले, २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने पुन्हा महागले. पेंड वाढली, विजेचा दर वाढला. सशाचा भाव त्या मानाने वाढला नाही. युरोपचे सरकार शेतकऱ्याला मदत देते हे खरे. परंतु ती बहुतांशी जमिनीमागे, दुधामागे, धान्यामागे जाते. पिंजऱ्यात ससे वाढवणाऱ्याकडे जमीन थोडी आणि सशाच्या मांसाला दुधासारखा बाजाराचा आधार नाही. खर्चाखाली भाव गेला की शेड बंद.

चौथे कारण कायद्याचे. पिंजऱ्यातल्या जनावरांच्या हालांबद्दल तिकडे मोठी चळवळ उभी राहिली. २०१७ मध्ये युरोपच्या संसदेने सशांसाठी किमान नियम करावेत असा ठराव केला. पिंजराबंदीच्या मागणीवर सुमारे १४ लाख सह्या झाल्या आणि २०२१ मध्ये कमिशनने पिंजरे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा आणू असे सांगितले. मुक्या जनावराचे हाल कमी व्हावेत याला आमचा विरोध नाही. परंतु ज्याने कर्ज काढून पिंजरे बसवले त्याला कालपर्यंत "पिंजरे बसवा" असे सांगणारे हेच लोक होते. सल्ला बदलला की सल्लागाराचे काही जात नाही, कर्ज मात्र शेतकऱ्याच्याच नावावर राहते.

चीनचा आकडा

मग चीनमध्ये ससे एवढे का? कारण तिथे खाणारा आहे. चीनमधल्या सशाच्या मांसाचा फार मोठा भाग सिचुआन आणि चोंगचिंग या भागातले लोकच खातात. सशाची मुंडीसुद्धा तिथे चवीने चघळतात. जिथे तोंड आहे तिथेच घास गेला आणि जिथे घास गेला तिथेच सशांची संख्या टिकली.

त्याच चीनमध्ये अंगोरा लोकरीच्या सशांची गत पाहा. कापूस पिकवणाऱ्याने ही गोष्ट मुद्दाम ऐकावी, कारण हाही धाग्याचाच धंदा आहे. अंगोरा सशाची लोकर अतिशय मऊ आणि महाग. जगातली बहुतेक अंगोरा लोकर चीनमधून येई. २०१३ च्या अखेरीस जिवंत सशांची लोकर ओरबाडून काढतानाचे चित्रण जगभर दाखवले गेले आणि काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या कापड दुकानदारांनी अंगोरा घेणे थांबवले. ओरबाडणे वाईटच. परंतु जो शेतकरी कात्रीने नीट लोकर कातरत होता, त्याचाही माल पडून राहिला. दूरच्या शहरातल्या फॅशनवर अवलंबून असलेला धागा एका हिवाळ्यात कवडीमोल होतो.

आपल्या देशातही ससे आले ते असेच सरकारी हाताने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस राजस्थानात अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत मांसाच्या जातींवर काम सुरू झाले. सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट, ग्रे जायंट ही नावे तिथूनच आपल्या पत्रकांत उतरली आहेत. अंगोरावरचे काम कुलू जिल्ह्यात गडसा येथे झाले. कुलूला थंडी आहे, डोंगरात हिरवा चारा आहे आणि शाली विणणारे हात गावातच आहेत, म्हणून तिथे त्याला काही पाया होता. केरळात, ईशान्येकडे ससा खाणारे लोक आहेत. पत्रक तिथले फोटो दाखवते आणि युनिट विकते यवतमाळला, बीडला.

आपल्या रानातला हिशेब

आता आपल्या रानात येऊ. ससा घाम गाळत नाही. हवा तिशीच्या वर गेली की तो खाणे कमी करतो. पस्तिशीच्या वर त्याला अंगाची उष्णता आवरत नाही. नराची फळण्याची ताकद काही आठवडे जाते. आपल्याकडे मार्च ते जून पारा चाळिशीच्या पुढे आणि मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकतो. म्हणजे पंखे, ओली पोती, फवारे. ज्या गावात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे सशावर पाणी फवारायचे! पत्रकात वर्षाला विण्याचे जे हिशेब असतात, त्यांत उन्हाळा धरलेला नसतो.

चाऱ्याचे पाहा. कोरडवाहू शेतकऱ्याकडे एप्रिलमध्ये ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार असते. ते बैलाला आणि शेळीला चालते. पैदाशीच्या सशाला त्यावर बाजाराचे वजन येत नाही. लसूणघास हवा तर विहिरीला पाणी हवे. विहिरीला पाणी असते तर हा लेख वाचायची वेळच कशाला येती? मग उरली विकतची गोळी पेंड. एक किलो वजन वाढायला, आईचे खाणे धरून, साधारण साडेतीन किलो पेंड लागते. दोन किलोच्या सशाला सात किलो. किलोला ३० रुपये धरले तरी २१० रुपये. त्या सशातून मांस निघते एक किलोच्या आसपास. म्हणजे मजुरी, मर, औषध, शेड आणि व्याज सोडून नुसत्या पेंडीचाच खर्च मांसाच्या किलोला २१० रुपये. दोन किलोची ब्रॉयलर कोंबडी सव्वातीन-साडेतीन किलो खाद्यात तयार होते. पेंडीवरचा ससा कोंबडीशी टक्कर देऊ शकत नाही. आणि तुमच्या तालुक्याच्या बाजारात सशाच्या मटणाचे दुकान तुम्ही पाहिले आहे काय? आम्ही तरी पाहिलेले नाही.

मग पत्रकातला नफा येतो कोठून? तो येतो दुसऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून. नीट पाहा. सात माद्या, वर्षाला पाच वेत, वेताला सहा पिले जगली तर झाली २१० पिले. दहांचे एक युनिट या हिशेबाने २१ नवी युनिटे. मांसाला गिऱ्हाईक नाही, तेव्हा ही पिले पैदाशीची म्हणून नव्या शेतकऱ्यांना विकायची. पहिल्या वर्षी १०० शेतकरी असतील तर दुसऱ्या वर्षी २,१०० नवे शेतकरी शोधावे लागतील. त्यांच्या पिलांसाठी तिसऱ्या वर्षी ४४,१०० आणि चौथ्या वर्षी ९ लाख २६ हजार १००. एवढे शेतकरी आणायचे कुठून? साखळी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तुटते. ज्याने शेवटी युनिट घेतले त्याच्या अंगणात पिंजरे राहतात, ससे राहतात आणि भ्रमणध्वनी "बंद आहे" असे सांगत राहतो. जागेवर खरेदीची हमी हीच या धंद्यातली सगळ्यात धोक्याची ओळ आहे. खरे गिऱ्हाईक असलेल्या मालाला हमीचे पत्रक छापावे लागत नाही.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. २०१२ साली तामिळनाडूत पेरुंदुराईच्या परिसरात इमू पक्ष्यांच्या योजना अशाच कोसळल्या. आपल्याकडेही ज्यांनी इमू आणले त्यांना पुढे खाद्य परवडेना. अनेकांनी पक्षी तसेच सोडून दिले. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीच्या योजनेत हजारो शेतकरी फसले आणि प्रकरण पोलिसांत गेले. जनावर बदलते, साखळी तीच. आम्ही स्वतः एका गावात सशांची बंद पडलेली शेड पाहिली. पिंजऱ्यांच्या वर पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. घरधनी म्हणाला, "निदान सरपण तरी कोरडं राहतंय." त्याच्या सात-बाऱ्यावर बोजा आहे. करारनाम्यात रोगराईला कंपनी जबाबदार नाही असे एक कलम होते आणि भांडण झाले तर दावा दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात, असे दुसरे. सही करताना त्याला कुणी वाचून दाखवले नव्हते.

न छापलेले पत्रक

आता आपल्याच देशाची शिरगणती पाहा. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत शेळ्या निघाल्या १४ कोटी ८८ लाख. २०१२ च्या मानाने दहा टक्क्यांनी वाढ. परसातल्या कोंबड्या निघाल्या सुमारे ३१ कोटी ७० लाख. वाढ जवळजवळ ४६ टक्के. कोणत्या कंपनीने यांची पत्रके वाटली? कोणीही नाही. शेळीला खाणारा गावोगाव आहे. अडीअडचणीला आठवडी बाजारात नेली की संध्याकाळी पैसा हातात, करार नाही, युनिट नाही. ती बाभळीच्या शेंगा आणि कुटार खाते. आणि हा पैसा बहुतेक घरात मायबहिणींच्या हाती येतो. युरोपातली म्हातारी खुराड्यातल्या सशावर जे करत होती, तेच आपली म्हातारी शेळीवर करते.

त्याच गणनेत गाढवांची संख्या ६१ टक्क्यांनी घटली, कारण ओझ्याचे काम टेम्पोने घेतले. गोवंशातल्या नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टर आले हे मोठे कारण. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला बंदी झाली; थकलेला बैल विकता येईना, तेव्हा नवा गोऱ्हा कोण वाढवील, असे शेतकरी बैठकांत उघड बोलतात. कायद्याने संख्या वाढत नाही, जाहिरातीनेही वाढत नाही. ज्याला काम आहे किंवा गिऱ्हाईक आहे ते जनावर दावणीला राहते. फ्रान्सचा ससा आणि विदर्भाचा बैल या बाबतीत एकाच न्यायाने चालले आहेत.

जोडधंदा कशाला जोडायचा?

मूळ प्रश्न शेवटी राहतोच. शेतकऱ्याने कपाशी आणि ज्वारी सोडून सशाकडे पाहावे, अशी वेळ आली कशी? भाव मागितला की उत्तर येते, जोडधंदा करा. कोंबड्या पाळा, ससे पाळा, मधमाश्या पाळा. जणू शेतकरी रिकामा बसून आहे! आम्ही शिकत असताना आम्हालाही हेच शिकवले गेले आणि सुरुवातीची काही वर्षे आम्हीही बांधावर उभे राहून हेच सांगितले, हे आज कबूल केले पाहिजे. जोडधंदा मुख्य धंद्याला जोडायचा असतो. मुख्य धंदा तोट्यात असेल तर जोडधंद्यासाठी भांडवल येते कर्जातून आणि मग एका तोट्याला दुसरा तोटा जोडला जातो. कपाशीच्या क्विंटलला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळाला, तर कोणत्या शेतकऱ्याने काय पाळावे हे त्याला सांगायला कुणी जायला नको.

ज्याला हौस आहे, ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आणि बांधाला हिरवा चारा आहे, घरचे खाणारे आहेत, त्याने चार ससे जरूर पाळावेत. कर्ज न काढता, करार न करता. गावात विकले गेले तर आठ करावेत. एवढ्याला आमची ना नाही.

पण युनिटवाला दारात आला तर पाच प्रश्न विचारा. हे जनावर आपल्या बाजारात खाणारा कोण, त्याचे दुकान दाखव. गेल्या वर्षी मांसासाठी किती विकले आणि कोणाला, पावत्या दाखव. पैदाशीची विक्री सोडून नफ्याचा हिशेब मांडून दाखव. मे महिन्यात चालू असलेली, तीन वर्षे जुनी शेड आपल्याच जिल्ह्यात दाखव. आणि करारातला दावा आपल्याच तालुक्याच्या न्यायालयात चालेल असे लिहून दे. पाचांपैकी एकाचेही उत्तर आडवळणाने आले, तर चहा पाजून वाटेला लावा.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, जिल्हा बैठकीला येताना तुमच्या गावात आलेली अशी पत्रके, करारनामे आणि पावत्या बरोबर घेऊन या. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी लाजून घरी बसू नये. फसवणारा लाजत नाही, तर फसलेल्याने का लाजावे? बैठकीत गाववार यादी करू, कोणाचे किती गुंतले ते मांडू आणि ती यादी घेऊन सगळे मिळून पोलीस अधीक्षकांकडे जाऊ. आजवर सशांची गणती सरकारने केली, एफएओने केली. त्या सशांपायी बुडालेल्यांची गणती कुणी केली नाही. ती आपणच करायची आहे.